दंडावरचे चैत्रांगण: वयाच्या ६७ व्या वर्षी गोंदवून घेतल्याचे एक प्रकरण

या प्रकरणातील व्यक्ती बडोद्याच्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका आहेत. मी त्यांचा विद्यार्थी होतो आणि गेली १९ वर्षे त्यांचा डॉक्टर आहे, तरी तोंडातून अजून ‘बाई’च निघते, म्हणून लेखातही तेच ठेवले आहे. हे लेखन त्यांच्या संमतीने केले असून मसुदा त्यांनी वाचला आणि दोन ठिकाणचे शुद्धलेखन लाल पेनाने सुधारून परत दिला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी उरकल्यावर, बाई नेहमीच्या तपासणीसाठी दांडिया बाजारातील माझ्या दवाखान्यात आल्या. रक्तदाब मोजून झाला तरी त्यांनी बाही खाली केली नाही. डावा हात तसाच टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, ‘खांद्यापासून मनगटापर्यंत गोंदवून घेतले तर चालेल का रे?’ मी चालणार नाही असे सांगितले आणि एका दमात पाच कारणे दिली: साखर ताब्यात नाही, अ‍ॅस्पिरिन चालू आहे, वयामुळे कातडी पातळ झाली आहे, पुढे एमआरआय करण्याची वेळ आली तर अडचण होईल, आणि या वयात असे काही केले की मागाहून पश्चात्ताप होतो. बाईंनी ही कारणे माझ्याच औषधचिठ्ठीच्या मागे लिहून घेतली. आठवड्याने त्या तो कागद घेऊन परत आल्या, तेव्हा चौथ्या कारणापुढे ‘कुठे वाचलेस?’ असे लिहिलेले होते आणि पाचव्यापुढे नुसते प्रश्नचिन्ह होते.

या पाचांपैकी खरोखर वैद्यकीय कारणे किती होती, हे मला त्या कागदामुळे तपासावे लागले. प्रकरण नोंदवून ठेवण्यासारखे वाटले ते त्याचमुळे.

बाईंची स्थिती त्या वेळी अशी होती. टाइप २ मधुमेहाला १४ वर्षे झालेली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी ८.६. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत २०२१ मध्ये स्टेंट घातलेला असल्याने रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. उजव्या हाताला तीन-चार वर्षांपासून कंप, जो हात स्वस्थ असताना दिसत नाही आणि पेन्सिल, चमचा किंवा रांगोळीची चिमूट धरली की सुरू होतो. यजमान जाऊन आठ वर्षे झालेली, मुलगा पुण्यात, बाई बडोद्याच्याच अकोटा भागातील एका सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या.

तळमजला येथे महत्त्वाचा आहे. २०२४ च्या ऑगस्टअखेर बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्रीला आलेल्या पुरात नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३७ फुटांपर्यंत मजल मारली आणि शहरातील अनेक वस्त्यांत पाणी दिवसचे दिवस थांबले. बाईंना शेजाऱ्यांनी दुसऱ्या मजल्यावर नेले. खाली पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या आईची रांगोळीची वही होती. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा वहीच्या जागी शाई उतरलेला लगदा शिल्लक होता.

त्या वहीत प्रामुख्याने चैत्रांगण होते. बडोद्याबाहेरच्या वाचकांनाही हे ठाऊक असेल, पण पुढील तपशिलासाठी सांगणे भाग आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते तेव्हापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारापुढे किंवा गेरू लावलेल्या पाटावर रोज ही रांगोळी नव्याने काढतात. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये पाळण्यातली गौर, आणि भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, गोपद्मे, गाय-वासरू, हत्ती, नाग, कासव, आंबे, पंखे, फणी-करंडा अशी सुटी चिन्हे. संख्या घराघरांत वेगळी. कोणी ५१ म्हणतात, कोणी ६४. चिन्हांची वळणेही माहेराप्रमाणे बदलतात, आणि बाईंच्या आईच्या कासवाला पाठीवर नऊ ठिपके असत, इतरांसारखे सात नसत. मराठी घराणी गायकवाडांच्या मागोमाग इकडे येऊन पिढ्या लोटल्या, बोलण्यात गुजराती शब्द किती शिरले याची गणती राहिली नाही, तरी चैत्रातली ही महिनाभराची उठाठेव अनेक घरांनी सोडलेली नाही.

मी त्यांना विचारले की वही पुन्हा का काढत नाही. त्यांनी काढली होती. ती त्यांनी मला दाखवली आणि कोणत्या रेषा कंपामुळे बिघडल्या आहेत हे शाळेत दाखवत तसे बोटाने दाखवले. कागद एकदा गेला तसा पुन्हाही जाईल, हा दुसरा मुद्दा होता. तिसरा मुद्दा त्यांनी बराच उशिरा सांगितला. त्यांच्या आजीच्या उजव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेले होते. आजीचा चेहरा आज नीट आठवत नाही, पण त्या वृंदावनाच्या पायऱ्या आठवतात. मेल्यावर बरोबर येणारा दागिना एवढा एकच, असे आजी म्हणे. आई शाळेत गेली, नोकरदार घरात पडली आणि तिने गोंदवले नाही, कारण तोवर त्या घरांत गोंदण गावंढळ ठरले होते. आजीच्या हनुवटीवरच्या ठिपक्यांना वयाचा प्रश्न कोणी विचारला नव्हता, हे मी त्या दिवशी मनात नोंदवले. बोललो मात्र नाही.

आता कारणांकडे वळतो.

साखरेचे कारण खरे होते. गोंदताना सुई वरच्या त्वचेतून खालच्या स्तरापर्यंत, म्हणजे साधारण १ ते २ मिलीमीटर, हजारो वेळा जाते. मोठे गोंदण ही एका अर्थी तेवढ्याच क्षेत्रफळाची उथळ जखम असते, आणि साखर वाढलेल्या शरीरात जखम सावकाश भरते व जंतुसंसर्गाला वाव मिळतो. मात्र या कारणाचा अर्थ ‘कधीच नको’ असा होत नाही, ‘आत्ता नको’ एवढाच होतो, आणि हा भेद मी पहिल्या दिवशी केला नव्हता. एचबीए१सी ७.५ च्या खाली आणल्याशिवाय मी परवानगी देणार नाही, असे ठरले. पाय आणि पोटऱ्या मधुमेहात मुळातच टाळायच्या जागा आहेत. बाईंना हात हवा होता, ते बरेच झाले.

अ‍ॅस्पिरिनच्या बाबतीत मी चुकीच्या बाजूने विचार करत होतो. गोंदताना रक्त जास्त पाझरेल, म्हणून गोंदणेच नको, असा माझा तर्क होता. बाईंनी सरळ उपाय सुचवला: आठ दिवस गोळी बंद ठेवते. यातच खरा धोका होता. स्टेंट असलेल्या माणसाने हौसेच्या कामासाठी अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने थांबवले तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि त्यापुढे दंडावरून पाझरणारे रक्त ही फार किरकोळ बाब आहे. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून गोळी एकही दिवस न चुकवण्याचे ठरले. त्याचा परिणाम चित्रावर झाला: रक्त पाझरले की रंग बाहेर ढकलला जातो, म्हणून भरीव छटा आणि घट्ट भरलेले आकार वगळले आणि केवळ रेषा व ठिपके ठेवले. चैत्रांगण रेषा आणि ठिपक्यांचेच असते, त्यामुळे बाईंना यात काही सोडावे लागले नाही. मोठ्या चित्राऐवजी सुटी चिन्हे असल्याचा आणखी एक फायदा होता, जो माझ्या ध्यानात आधी आला नाही: काम कोणत्याही चिन्हापाशी थांबवता येते, आणि अर्धवट राहिल्यासारखे दिसत नाही. स्टेंट घातलेल्या आणि मधुमेह असलेल्या माणसासाठी याहून सोयीचे चित्र मला सुचवता आले नसते.

कातडीचे कारण अर्धे खरे होते. उतारवयात कातडीचा आधार देणारा तंतुमय भाग विरळ होतो, बारीक रक्तवाहिन्या सहज फुटतात आणि सुई नेमक्या थरात ठेवणे अवघड जाते. सुई खोल गेली तर रंग खाली पसरून रेषेच्या कडा फुटतात. पण हे सगळीकडे सारखे नसते. ज्या भागाने आयुष्यभर ऊन खाल्ले तो भाग जास्त झिजतो. बाईंच्या हाताची बाहेरची बाजू उन्हाने रापलेली होती, तर दंड आणि हाताची आतली बाजू त्यामानाने चांगली होती. कातडीच्या दृष्टीने पाठ सर्वांत उत्तम ठरली असती. ‘पाठीवरचे अंगण मला कसे दिसणार?’ असे म्हणून बाईंनी तो प्रस्ताव निकालात काढला. कोपराची खोबण मात्र मी मोकळी ठेवायला लावली, कारण रक्त तिथूनच घेतात, आणि हातावरचे दोन तीळ चित्राखाली झाकू दिले नाहीत, कारण तिळाचा रंग वा आकार बदलला तर तो दिसला पाहिजे.

एमआरआयचे कारण फुसके निघाले. काही रंगांतील लोहाच्या संयुगांमुळे तपासणीच्या वेळी क्वचित चुरचुरते, पण गोंदण आहे म्हणून तपासणी नाकारली जात नाही; आधी सांगून ठेवायचे, एवढेच. रक्तदानाचा मुद्दा मी सहावा म्हणून काढणार होतो, कारण आपल्याकडे गोंदवल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही, पण रक्तदात्याची कमाल वयोमर्यादा ६५ असल्याने बाई त्यातून आधीच बाद झाल्या होत्या.

पाचव्या कारणाला वैद्यकात कोठेही आधार नव्हता. एका विधवा निवृत्त शिक्षिकेने मनगटापर्यंत गोंदवून घेतले तर माझ्या प्रतीक्षाकक्षातील लोक काय म्हणतील, हा माझा स्वतःचा संकोच मी पांढऱ्या कोटाच्या खिशात घालून औषधी भाषेत मांडला होता. मात्र त्यामागे एक योग्य शंका होती, तिचा उल्लेख करणे न्यायाचे होईल. पुरानंतर तीन महिन्यांच्या आत, दुःख ताजे असताना, मोठा आणि न पुसता येणारा निर्णय घेतला जात होता. झोप, भूक, रडू येणे, कशातच मन न लागणे याविषयी मी बाईंना सविस्तर विचारले आणि उदासीनतेच्या आजाराची लक्षणे आढळली नाहीत. साखर उतरण्यासाठी लागणारे तीन महिने आपोआप विचारासाठीही मिळाले.

त्या तीन महिन्यांत बाईंनी काय केले, ते माझ्या कल्पनेपलीकडचे होते. आईच्या वहीत ५१ चिन्हे होती. त्यांनी ४७ आठवून काढली, इंदूरच्या मावसबहिणीकडून फोनवर दोन मिळवली, आणि उरलेल्या दोहोंचा ठाव लागला नाही. रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात चालणे, भात निम्मा करणे आणि हेपॅटायटिस ‘बी’च्या लशीचे पहिले दोन डोस घेणे हेही त्यांनी त्याच शिस्तीने केले, तिसरा डोस सहाव्या महिन्यात दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचबीए१सी ७.२ आला. औषधाच्या जोरावर मला हे दोन वर्षांत जमले नव्हते.

घरचा विरोध दोन दिशांनी आला. मुलाचा विरोध साधा होता आणि व्हिडिओ कॉलवर अर्ध्या तासात मावळला. ‘आई, दुखेल गं’ यापलीकडे त्याच्याकडे मुद्दा नव्हता. जाऊबाईंचा आक्षेप टोकदार होता. चैत्रांगणातील फणी-करंडा हे सवाष्णीचे लेणे, ते आता बाईंनी हातावर कसे मिरवायचे, असे त्यांचे म्हणणे. बाईंनी वाद घातला नाही. फणी-करंडा यादीत राहिला आणि त्यात कुंकवाचा लाल ठिपका असावा, असे त्यांनी नव्याने ठरवले.

गोंदणाऱ्याची निवड करताना मी बाईंच्या सोबत गेलो. पहिल्या दुकानात उरलेली शाई पुन्हा बाटलीत ओतताना पाहिली आणि आम्ही चहाही न घेता बाहेर पडलो. दुसऱ्या ठिकाणी सुया समोर पाकीट फोडून काढल्या जात होत्या, शाई एकदा वापरून टाकायच्या टोपणात घेतली जात होती, आणि १२१ अंशांवर निर्जंतुक केलेल्या साहित्यावर रंग बदललेली खूणपट्टी होती. येथे काम करणारी मुलगी विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत शिकलेली गुजराती तरुणी होती. तिची आजी काठियावाडची, हातभर त्राजवां, म्हणजे तिकडचे पारंपरिक गोंदण, असलेली. त्यामुळे बाईंचे वय तिला अडथळा वाटले नाही. ती पहिल्या दिवसापासून बाईंना ‘मासी’ म्हणू लागली.

दोघींचा एकच वाद झाला, पण तो तासभर चालला. बाईंनी काढलेल्या मूळ रेखाटनांतील कंप तसाच गोंदवावा, त्यात त्यांचा हात दिसतो, असे त्या मुलीला मनापासून वाटत होते. मलाही ते पटले होते. बाईंनी ठाम नकार दिला. आईच्या रेषा सरळ होत्या. आपला कंप हा आजार आहे, त्याला शैली समजू नये, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेत असताना बाई आम्हाला बडोद्यातल्या तांबेकर वाड्यात नेऊन एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रांपुढे बसवत आणि एका रेषेत घोडा काढायला लावत, ते मला आठवले. थरथरलेल्या रेषा त्या मुलीने बाईंच्या देखरेखीखाली एकेक करून सरळ केल्या.

पहिली बैठक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि माझी मोठी चूक तेव्हाच उघडी पडली. जखमेची काळजी, साबण, ऊन, सुन्न करणारे मलम मोठ्या भागावर थापून वर प्लास्टिक गुंडाळू नये कारण ते रक्तात उतरून हृदयाला त्रास देऊ शकते, हे सगळे मी लिहून दिले होते. सकाळी नीट जेवूनच जा, एवढे सांगायचे राहिले. मळमळेल या भीतीने बाई मधुमेहाची गोळी घेऊन, नुसत्या चहावर, अकराला जाऊन बसल्या. एक वाजता त्यांना दरदरून घाम फुटला. पर्समधील यंत्रावर साखर ५८ आली. त्या मुलीने साखरेचे पाणी पाजले, फोन केला आणि मी पोहोचेपर्यंत सुई हातात घेतली नाही. ग्लिमेपिराइड पोट रिकामे असले तरी साखर उतरवते; ते घेणाऱ्या माणसाला उपाशीपोटी दोन तास वेदनेत बसवणे ही चूक शिकाऊ डॉक्टरनेही करू नये. त्यानंतर प्रत्येक बैठक जेवणानंतर आणि दीड तासाच्या आत ठेवली.

त्या बैठकीत १० चिन्हे झाली आणि लाल रंगाचा एक चाचणी ठिपका दंडाच्या आतल्या बाजूला दिला. लाल रंगाची अ‍ॅलर्जी इतर रंगांपेक्षा अधिक आढळते आणि ती कित्येक आठवड्यांनीही उठू शकते, म्हणून हा उपाय. सहाव्या आठवड्यात तो ठिपका फुगला आणि खाजू लागला. स्टेरॉइडच्या मलमाने महिन्याभरात बसला. करंड्यात कुंकू भरायचे राहिले. ‘जाऊबाईंचे काम माझ्या कातडीनेच केले,’ एवढेच बाई म्हणाल्या.

फेब्रुवारीअखेरच्या दुसऱ्या बैठकीत ९ चिन्हे झाली. मार्चमध्ये तिसऱ्यात ८ झाली, आणि तिच्यात मनगटाजवळ गाय-वासरू काढताना कातडी अपेक्षेपेक्षा पातळ निघाली. मोठा काळानिळा डाग पडला. तो ओसरल्यावर गाईच्या मागच्या दोन पायांच्या रेषा पसरलेल्या दिसल्या, जणू ती चिखलात उभी आहे. लेझरने पुसण्याची चर्चा झाली. अनेक बैठका, नवी जखम आणि पुन्हा तीच पातळ कातडी, हे सांगितल्यावर बाईंनी ती सोडून दिली. उन्हाळा सुरू होत होता. घाम, उष्मा आणि पाठोपाठ पावसाळा यांत नवी जखम नको म्हणून काम थांबवले, आणि उरलेली २२ चिन्हे पुढच्या हिवाळ्यात दोन बैठकींत पूर्ण झाली. त्या दोन बैठकींविषयी लिहिण्यासारखे काही घडले नाही.

बाईंच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी एक नोंद केली आहे, ती इतर डॉक्टरांच्या उपयोगाची आहे. कातडीत गेलेल्या शाईचे काही कण लसिकावाहिन्यांतून काखेतील गाठींत जाऊन साठतात. पुढे कधी डाव्या स्तनाची किंवा काखेची तपासणी झाली तर गडद दिसणारी गाठ पाहून घाबरण्याआधी हातावरचे गोंदण ध्यानात घ्यावे. उरलेली शाई कातडीतील भक्षक पेशी गिळून ठेवतात. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवले की अशी पेशी मरते तेव्हा तिने सोडलेला रंग शेजारची नवी पेशी पुन्हा गिळते. गोंदण टिकते ते या सोपवासोपवीमुळे. बाईंना ही माहिती अतिशय आवडली. त्यांना ती सांगायची वैद्यकीय गरज खरे तर नव्हती.

तिसऱ्या बैठकीनंतर काही दिवसांनी चैत्र लागला. त्या महिन्यात रक्तदाब मोजायला मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. वरच्या मजल्यावरची, सातवीत शिकणारी मुलगी दारापुढच्या गेरूवर चैत्रांगण काढत होती, आणि बाई शेजारी स्टुलावर डावा हात पुढे करून बसल्या होत्या. मुलगी हाताकडे बघे, चिमूट सोडी, पुन्हा बघे. कासवाच्या पाठीवर तिने नऊ ठिपके दिले. मनगटापाशी पोहोचल्यावर तिने गाय काढली आणि मागचे दोन पाय हातावर दिसत होते तसेच फिसकटलेले, जाड काढले. ‘अगं, तसे नाहीत ते पाय,’ असे म्हणत बाई स्टुलावरून खाली उतरल्या, तळव्याने ते दोन पाय पुसले आणि थरथरत्या चिमटीने पुन्हा काढायला बसल्या.